पडून दाखवणारे मास्तर

मास्तर छाती धरून धाडकन खाली पडले, आणि आम्ही दोघी हसलो.

मी दारात, पदर तोंडाला लावून. ती निहाल म्हातारी खाटेवर, टाळ्या वाजवत. "मरा, मरा! अच्छा मरा!" म्हणाली आणि मरण्याला तिच्या भाषेत काय म्हणतात तेही सांगून टाकलं. मास्तर उठले नाहीत.

तुम्ही म्हणाल, माणूस पडल्यावर हसणाऱ्या या कसल्या बायका? मास्तरांना पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असतात.

इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्यात, आमच्या पुढच्या खोलीत ते भाड्याने राहत. कॉलेजातून रिटायर झालेले, बायको गेलेली, मुलगा पुण्यात. सातपुड्यातल्या निहाल लोकांच्या भाषेमागे लागले होते. ती आता फार थोडे लोक बोलतात, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं लागत नाही म्हणे. मी म्हटलं, "मग तुम्हीच कशाला तिचे भाऊ होता?" यावर ते इतके खूश झाले की मला चहा करून पाजला. वाईट होता.

म्हातारीचा मुलगा आमच्या गल्लीत बांधकामावर होता, त्याच्याकडे ती आली होती. मास्तरांना कळलं तेव्हा ते अनवाणीच धावले. मग रोज सकाळी ती आमच्याकडे. हिंदीत विचारलं की तिच्या उत्तरात हिंदी शिरते, म्हणून मास्तर विचारतच नसत. करून दाखवत. शिंकत, लंगडत, घोरत. एकदा रुसलेली सून करून दाखवली. मला पाहवेना. "सरका, सून अशी रुसत नाही," म्हणत मीच रुसून दाखवलं.

शब्द आला की मास्तर पेन्सिलीवर झडप घालत, लिहून घेत आणि म्हणत, "फिर से बोलो, बाई!"

ती म्हणे, "पहले तू फिर से गिर!"

आणि साठी उलटलेला माणूस परत पडे. शेजारी विचारायचे, "काकीजी, अंदर कुश्ती चल रही है क्या?"

तर त्या सकाळी म्हातारीने शब्द दिला, वर मरण्याची आख्खी हकीकत तिच्या भाषेत सुरू केली. पेन्सिल मास्तरांच्या हाताशीच पडली होती. ती त्यांनी उचलली नाही. तिथे माझं हसू थांबलं.

"अगं, खरंच मेले की काय!"

"नाटक है," ती म्हणाली.

"कसलं नाटक! शब्द दिला तूने, लिखा क्या उन्होंने?"

तिने पेन्सिलीकडे पाहिलं आणि खाटेवरून उडीच मारली.

शेजाऱ्याने गाडी काढली. फ्रीगंजच्या हॉस्पिटलापर्यंत मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारी त्यांच्यावर ओरडत होती. एक शब्द हिंदी नाही. एवढी निहाली मास्तरांना इतक्या वेळा पडूनही कधी ऐकायला मिळाली नव्हती, आणि आता ऐकायला ते शुद्धीवर नव्हते. वाटेत माधव नगरात त्यांनी एक डोळा उघडला. ओठ हलले. मी कान लावला, म्हटलं मुलाचं नाव घेत असतील.

"काकू... रेकॉर्डर?"

"घरी आहे. गप पडा."

डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर आटोपलं होतं. पुढे मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. खोलीत आता बँकेतली मुलगी राहते. तिची चाहूलही लागत नाही. भाडं वेळेवर देते, पण पाहण्यासारखं काही करत नाही.

मास्तर पुण्याहून व्हिडिओ कॉल करतात. डॉक्टरांनी त्यांना पडायची बंदी घातली आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे. मी गादी टाकून घेते. म्हातारी खाटेवर बसून मला नावं ठेवते, "इससे तो मास्टर अच्छा गिरता था," आणि तिकडे मास्तर लिहीत असतात.

त्या सकाळी खोलीत तीन म्हातारी माणसं होती. तिघंही जिवंत आहोत.