हात फक्त गाठ मारताना वाकडा होतो

मंगळवारी दिरांना घेऊन ठाण्याला एका टेस्टला गेले होते. तिथं जे झालं ते लिहून टाकावंसं वाटतंय, कारण चूक माझी होती.

माझे धाकटे दीर दिलीप भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आहेत. सात-आठ महिन्यांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, बोटं आत वळायला लागली. धागा तुटला की लूम थांबवून गाठ मारायची, हे दिवसातून शेकडो वेळा करायचं काम... आणि तेच होईना. लूमचा सेठ सगळ्यांसमोर बोलला, "क्या दिलीप, सुबह सुबह चढ़ाके आया क्या?" भाऊजी आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत.

अगदी सुरुवातीलाच मी घरात एकदा त्यांचा हात थरथरताना पाहिला आणि मला माझे मिस्टरच आठवले. त्यांना कंपवात होता. त्यांची सुरुवातही उजव्या हातापासूनच झाली होती. सात वर्षं मी त्यांचं सगळं केलं, आणि आता त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

मी नववीपर्यंत शिकलेय. पण यांच्या आजारपणात जे मिळेल ते वाचत गेले... दवाखान्यातली पत्रकं, वाचनालयातली पुस्तकं, मोबाईलवरचे लेख. त्यामुळे घरात कुणाला काही झालं की मलाच विचारतात. भाऊजींना मी सरळ सांगून टाकलं, "हे तुमच्या दादांसारखंच आहे, वेळ घालवू नका." ते फक्त "बरं" म्हणाले.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वी तपासलं. "हात कधी थरथरतो?" असं त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, "तसा नेहमीच." भाऊजी शेजारी मान खाली घालून बसले होते. डॉक्टर म्हणाले, मला इथं तसं स्पष्ट दिसत नाहीये, स्नायूंची टेस्ट करून बघू. थरथर बऱ्याच प्रकारची असते, नुसत्या डोळ्यांनी दर वेळी कळत नाही.

तर मंगळवारची ही टेस्ट. हातावर पुढून-मागून छोट्या गोल पट्ट्या चिकटवतात, त्यांच्या वायरी मशीनला जोडतात. स्नायू काम करायला लागला की स्क्रीनवर त्याची रेघ उसळते. टेस्ट करणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची होती. तिनं हात मांडीवर ठेवायला सांगितला. "काका, अजून सैल सोडा. मी तुमच्याकडून ओव्हरटाईम नाही करून घेत."

रेघ सपाट. मग हात पुढे धरायला सांगितले, पेन दिलं, पाण्याचा ग्लास उचलायला लावला... तरी विशेष काही नाही. तिनं विचारलं, "काका, मग हात हलतो तरी कधी?"

मी लगेच सुरू झाले. घरी होतं, जेवताना होतं... तिनं मला मधेच थांबवलं. "काकू, हात काकांचा आहे ना? मग त्यांना बोलू द्या की!"

मी गप्प बसले. भाऊजी म्हणाले, "गाठ मारताना. बाकी कदी न्हाय."

"जेवताना?" मी विचारलं. "न्हाय." "लिहिताना?" "न्हाय, वहिनी." मी पाहिलं होतं तेव्हा ते दारातला पडदा शिवताना दोऱ्याला गाठ मारत होते, हे मला तिथं आठवलं. जेवतानाचं मी माझ्या मिस्टरांचं सांगत होते... भाऊजींचं नव्हे.

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तुमी दादाचं सगलं केलंय. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल."

त्या मुलीकडे दोरा नव्हता. मी माझ्या कापडी पिशवीच्या काठाचे चार-पाच धागे ओढून काढले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी गाठ मारायला घेतली आणि दुसऱ्याच गाठीला मनगट वाकलं, अंगठा आत गेला, हात थरथरायला लागला. स्क्रीनवर दोन रेघा एकाच वेळी जाड झाल्या.

ती म्हणाली, "एक स्नायू खेचतो तेव्हा त्याच्या समोरच्यानं सैल पडायचं असतं. हे दोघं एकदमच खेचतायत. बाकी डॉक्टर सांगतील." भाऊजी स्क्रीनकडे बघतच राहिले. म्हणाले, "धागा सोडला की बघा कसं गप झालं..."

दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पुन्हा तपासलं. कंपवाताची लक्षणं आज तरी नाहीत, म्हणाले. एकच बारीक काम वर्षानुवर्षं केल्यानं काहींना असं होतं, फक्त त्या कामापुरतं. पूर्ण बरं होईल असं सांगता येत नाही, पण इंजेक्शनानं फरक पडू शकतो. गाठी मारणं मात्र सध्या बंद. सेठ कापड तपासायचं काम देतो का, ते आता बघायचंय. नाही दिलं तर अवघड आहे, हेही खरं.

परत येताना वाटेत कशेळीला रिक्षा ट्रकांच्या मागे अडकली. तेव्हा भाऊजींनी विचारलं, "वहिनी... म्हंजे दादासारखं न्हाय ना?"

मी म्हटलं, "नाही." त्यांनी तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

मिस्टरांचं शेवटचं वर्ष भाऊजींनी माझ्याइतकंच जवळून पाहिलंय. उचलून बसवायला तेच यायचे. इतके महिने हा माणूस स्वतःला दादांच्या खाटेवर बघत कामाला जात होता, आणि तिथं त्यांना बसवलं होतं मी... चार लेख वाचून.

वाचन मी सोडणार नाही. पण त्या मुलीचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानते. तिनं मला वेळेवर गप्प केलं.