अंगणाच्या टोकाची मशीन

मशीन ढकलायच्या आधी चाचा तिच्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चाल माय, जराशीक सरक." हट्टी म्हशीशी बोलावं तसं. आणि चार माणसांना न हलणारं ते बिडाचं धूड खरोखर सरकायचं, कारण त्याच्याखाली चाकं होती.

अकोटला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. चाचा सुतार. पुढच्या खोलीत त्यांची रंधा मशीन आणि गोल करवतीचं टेबल, दोन्ही वर्षानुवर्षं फरशीला बोल्टने जखडलेली. मग चाचींच्या छातीनं दगा दिला. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं, लाकडाचा भुसा घरात कणभरही नको. दुकान दुसरीकडे थाटावं, तर चाचींना एकटं ठेवता येत नव्हतं. दम अडकला की कोणीतरी त्यांना उठवून बसवायचं आणि तोंडाला वाफेचा मास्क लावायचा. एकुलती एक मुलगी अकोल्याला सासरी. म्हणजे काम घरीच हवं आणि भुसा घरात नको! तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं करावं काय?

चाचांनी चाकं लावली. लोखंडी अँगलच्या चौकटी जोडल्या, कापसाच्या जिनिंग मिलच्या भंगारातून चाकं आणली. सकाळी मशीन अंगणात, संध्याकाळी घरात. पहिल्या दिवशी मात्र गंमत झाली. बटण दाबताच रंधा मशीन थरथरत स्वतःच चालायला लागली, ती थेट मधल्या बुटक्या भिंतीकडे. पलीकडे मी पापड वाळत घालत होते. मशीनमागे चाचा, हातात फळी.

"बाई, सरका तिकून! हे तं तुमच्या घरी येऊन राहिली!"

मी हसून हसून खाली बसले. मग त्यांनी पायानं दाबायचा दांडा बसवला. तो दाबला की चाकं वर उचलली जायची आणि चौकट जमिनीवर घट्ट बसायची.

तरी चाचींचा खोकला काही थांबेना. मशीन अंगणाच्या मध्यावरून टोकाला गेली, पार कडुलिंबाखाली. ती जितकी लांब, तितका भुसा कमी, पण चाचीही तितक्याच लांब. त्यांच्या उशाशी स्टीलची थाळी आणि चमचा ठेवला होता, दम लागला की वाजवायला. आता रंधा मशीन चालू असताना थाळी सोडा, आभाळ कोसळलं तरी ऐकू येत नाही. म्हणून चाचा फळी हातभर पुढे सरकवायचे, मशीन बंद करायचे, दाराकडे कान लावून उभे राहायचे आणि मग पुन्हा सुरू करायचे. दिवसभर हेच.

अशी मध्येच मशीन थांबली की फळीवर आडवी रेघ पडते. चाचांच्या दारांवर, पाटांवर त्या रेघा दिसायला लागल्या. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. एक जण तर दार परतच घेऊन आला.

"कावून चाचा, हात बिघडला काय तुमचा?"

"हात नाई बिघडला भाऊ," चाचा म्हणाले. "कान तिकडंच रायते."

मी अधूनमधून चाचींजवळ जाऊन बसायचे. पण मी असले तरी चाचांचं थांबणं चालूच. "तुमी हाय तं बरंच हाय जी, पण मले आयकू आलं पायजे," ते म्हणायचे. कधी कधी रागच यायचा मला.

त्या दुपारी मी घरात ज्वारी निवडत होते. चाचांनी मशीन बंद केली, कान दिला. थाळी वाजली नाही. सुरू केली, पुन्हा बंद केली. नाही वाजली. पाणी प्यायला चाचा आत गेले, तर चाची संपल्या होत्या. थाळी मांडीवर आणि चमचा हातात.

कबरस्तानातून आल्यावर चाचा माझ्या दारात उभे राहिले.

"थाळी वाजली नाई म्हणून मी खुश होतो, बाई. म्हटलं, आज बरी हाय." मग हळूच म्हणाले, "तुमी तं भिंतीपल्याडच होत्या. तुमाले आला काय आवाज?"

काय सांगावं? आला म्हणावं, तर तो चाचांनी ऐकला नाही. नाही म्हणावं, तर त्या माउलीला शेवटची हाकसुद्धा मारता आली नाही. मला खरोखरच आला नव्हता, मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला आले. मग दूधवाल्याला विचारलं, समोरच्या टेलरला विचारलं. रेघ पडलेल्या फळ्या तशाच पडून राहिल्या, कामाला हात लावला नाही. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

शेवटी मुलगी गाडी करून त्यांना न्यायला आली. चाचा पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. अकोल्याचा पोरगा तो, आमच्या गल्लीत जन्मात पहिल्यांदा आलेला. त्यानं गाडी सुरू केली, तसा चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद कर भाऊ जराशीक," ते म्हणाले. "तुले आला होता काय थाळीचा आवाज?"