रॉडची कल्हई

आईच्या मोडलेल्या पायातला पहिला रॉड पिकला तेव्हा माझं डोकंच फिरलं. शरीरात बसवायच्या धातूवर जंतू चिकटू नयेत म्हणून जो लेप देतात, त्यावरच मी नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात संशोधन करते. आणि माझ्याच आईच्या नडगीतून पू वाहतोय!

लातूरच्या डॉक्टरांनी तो रॉड काढला, जखम साफ केली आणि काही आठवड्यांनी लेप दिलेला दुसरा बसवला. म्हणाले, "हाही पिकला, तर पाय वाचेल असं मी सांगत नाही."

लेप म्हणजे काय, ते आईला मीच समजावलं. मोठी शहाणी ना मी! "माय, बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकतं का न्हाई? तशी ह्या रॉडला कल्हई केलीय. आता आत काही कळकायचं न्हाई."

"आस्सं व्हय!" आईला लगेच पटलं.

ती रेणापूरला घरी गेली, मी नांदेडला. पण जीव थाऱ्यावर कुठला? काचेच्या बशीतले जंतू बघता बघता हात फोनकडे जायचा. ताप हाय का? सूज? पाणी येतंय का? सकाळी विचारलं तरी दुपारी पुन्हा तेच.

"कायबी न्हाई गं बाई. किती जीव खाशील! तू जेवलीस का?"

टाके रेणापूरलाच निघाले. पुढच्या तपासणीला मीच तिला लातूरला नेलं. रक्त स्वच्छ, फोटो स्वच्छ. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. मग डॉक्टर म्हणाले, "आजी, गुडघा वाकवा."

वाकेना. त्यांनी धरून वाकवायला घेतला तर आई कळवळली. गुडघा पार आखडला होता.

"डॉक्टरांनी गुडघ्याचा व्यायाम सांगितला होता ना तुला!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "का न्हाई केलास?"

आई माझ्याकडं बघतच राहिली. "घासलं की कल्हई जाती, बाई. हयात गेली माझी भांडी घासण्यात, मला ठावं न्हाई व्हय? म्हणून पाय जरासुदिक हालू दिला न्हाई."

इतक्या वेळा फोन केला. गुडघा वाकतो का, हे एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली, स्वतःचा संताप आला.

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. आईनं माझा हात ओढला, हळूच विचारलं, "कळकलं तर न्हाई ना आत?"

"न्हाई, माय," मी म्हणाले. "तू लई जपलंस."

ती खुशीत हसली, आणि मला तिच्याकडं बघवेना.