रिकाम्या ओळींचं काय करायचं?

शिकवणाऱ्याच्या मार्करची शाई संपते, किस्से संपत नाहीत. बारामतीत दर शनिवारी दुपारी मी प्रोग्रामिंगच्या कोड्यांचा वर्ग घेतो. कोडं एक वेळ सुटतं. पण त्याच्यासोबत मजकुराची जी फाईल येते ती प्रोग्रामला वाचायला शिकवणं, कुठं तोडायचं ते सांगणं, हे खरं दुखणं. माझे सगळे किस्से तिथलेच.

*

मोरगावच्या संपतनं पहिल्याच दिवशी तासाभरात उत्तर काढलं. मी खूश! मग कळलं, गड्यानं फाईल वाचणारा कोड लिहिलाच नव्हता. त्यातले आकडे बघून बघून हातानं टाइप केले होते. मी मुद्दाम लांबलचक फाईल दिली. पुढच्या शनिवारी म्हणतो कसा, "सर, निम्मी झाली. आईपण बसलीय मदतीला."

*

मी तरी कुठला शहाणा? एकदा ऐटीत कोड लिहून दाखवला. नमुन्याच्या छोट्या फाईलवर झकास चालला, खऱ्या फाईलवर तोंडावर आपटला. शेवटी लासुर्ण्याची वैशाली हळूच म्हणाली, "सर, तुमी एकच अंक वाचताय. तुमच्यात दहाचा एक झालाय."

नमुन्यात दहा कुठं आलाच नव्हता. ही पोरगी पुढं जाणार, असं मला त्या दिवशी वाटलं.

*

तीच वैशाली पुढं एका कोड्यात अडकली. फाईलमध्ये माणसांचे बरेच गट होते, तिचा प्रोग्राम सगळ्यांना एकाच गटात कोंबायचा. तीन शनिवार गेले. मी खालचा, गट मोजणाराच कोड तपासत बसलो, वरचा, फाईल वाचणारा बघितला नाही. चूक माझीही होती. ती मान खाली घालून म्हणाली, "मला न्हाय जमत सर. तात्यांना सांगितलंय, नाव काढा म्हणून."

मला फार लागलं ते.

*

पुढच्या शनिवारी तिचे वडील, तात्या, तिला घेऊन नाव काढायलाच आले. ऊस बघणारा माणूस, कॉम्प्युटरशी संबंध नाही. मी म्हटलं, एकदा शेवटचं बघू. माझ्या पडद्यावर मूळ फाईल उघडली, वैशालीच्या पडद्यावर तिच्या प्रोग्रामनं वाचलेली. तात्या दोन्हींकडं बघत बसले.

"सर, तुमच्यात मधी मधी मोकळी जागा हाय. हिच्यात न्हाय."

वैशाली म्हणाली, "रिकाम्या ओळी मीच काढल्या, तात्या. कामाच्या नव्हत्या."

"आपण उसात दोन सऱ्या लावतो, एक मोकळी सोडतो. ती काय बिनकामाची व्हय?"

वैशालीनं कोडमधली रिकाम्या ओळी गाळणारी वरची एक ओळ पुसली आणि रिकामी ओळ आली की नवा गट धरायला सांगितलं. प्रोग्राम चालवला. उत्तर बरोबर आलं.

तात्या उठले, टोपी नीट केली, दारापर्यंत जाऊन वळले.

"पुढल्या शनिवारी किती वाजता धाडू हिला?"