कुंकू लागलेला डॉलर

सार्जंटना डाग दिसायचा. आमच्या चँडलर गावच्या धुळीत गाडी धुऊन धुऊन आम्ही दमायचो आणि हा गृहस्थ रेवाच्या बुटावरचा बोटाचा पुसट ठसा लांबून हेरायचा. माझी मुलगी रेवा कॉलेज करता करता सैन्यात अधिकारी व्हायचं शिक्षण घेत होती आणि तिथे कवायत शिकवायला हे सार्जंट होते.

कौतुक करायची वेळ आलीच, तर ते फक्त म्हणत, ‘आय हॅव सीन वर्स.’ एकदा आमच्याकडे जेवायला आले. थालीपीठ दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि तेच म्हणाले. ‘आई, दॅट्स हाय प्रेझ!’ रेवा हसून म्हणाली. जाताना ओट्यावर उमटलेलं माझं हळदीचं बोट मात्र त्यांनी दाखवलंच.

माझं त्यांच्याशी भांडण होतं. तिकडे इराकचं युद्ध चाललेलं. ‘तुम्ही माझी मुलगी पळवलीत,’ मी तोंडावर सांगितलं. ‘नाही मॅम,’ ते शांतपणे म्हणाले, ‘ती स्वतः चालत आली. मी फक्त ताठ उभं राहायला शिकवलं.’ चार वर्षांत मी रेवाला एकदाही ‘जा’ म्हटलं नाही.

अमेरिकी सैन्यातली रीत अशी, की नव्या अधिकाऱ्याने आपल्याला पहिला सलाम करणाऱ्या सैनिकाच्या हातात चांदीचा डॉलर ठेवायचा. रेवाने अर्थातच सार्जंटना निवडलं. तिने डॉलर लखलखीत घासून डबीत ठेवला. सकाळी ती युनिफॉर्म चढवत असताना मी डबी देवापुढे उघडली आणि डॉलरला ओल्या कुंकवाचं बोट लावलं. तोंडाने म्हणवत नव्हतं, ते बोटाने म्हटलं.

समारंभात सार्जंट तिच्यासमोर उभे राहिले. कालपर्यंत तिच्यावर ओरडणाऱ्या माणसाने खाडकन सलाम ठोकला. ‘गुड मॉर्निंग, मॅम!’ माझे डोळे भरून आले. रेवाने सलाम घेतला, डबी उघडली आणि थबकली.

‘आई, व्हॉट डिड यू डू?’

सार्जंटचा हात पुढे आलेला होता. डॉलर द्यावाच लागला. त्यांनी आपल्या लाल तळव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘मॅम, हे काय?’

‘आशीर्वाद.’

‘माझ्यासाठी?’

‘छे! तिच्यासाठी.’

रेवा माझ्याकडे बघतच राहिली. सार्जंटनी हात पुसला, पण डॉलर तसाच रुमालात गुंडाळला. ‘मग ती घरी परत येईपर्यंत हा पुसायचा नाही,’ ते म्हणाले.

रेवा इराकला गेली. त्याच सुमारास सार्जंट निवृत्त झाले. मी आणि हे त्यांना भेटायला गेलो, तर भिंतीवर काचेच्या पेटीत पहिल्या सलामांचे डॉलर मांडलेले. सगळे झळझळीत. मधला एकच मळकट, खाचाखाचांत कुंकू बसलेला. या माणसाला तो रोज दिसत असणार आणि रोज छळत असणार. मला फार बरं वाटलं. जितके दिवस तो डाग त्यांच्या डोळ्यांत खुपत होता, तितके दिवस माझ्या मुलीची आठवण काढणारं आणखी एक माणूस होतं.

रेवा धडधाकट परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला.

‘मॅम, पुसू का आता?’

‘नका पुसू, सार्जंट,’ मी म्हटलं. ‘पुन्हा जायचं म्हणतेय. मी जा म्हटलंय.’

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

‘मदर्स? आय हॅव सीन वर्स, मॅम.’