बैल, वय सेहेचाळीस

धनसिंग राठोडची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्यात एका फर्लांगाचं अंतर होतं. मी हिंगोलीला नोकरीवर रुजू व्हायला स्टेशनात उतरत होतो आणि तो आडत बाजारात हळदीचा लिलाव पुकारत होता. त्याच्या आवाजाने माझी टोपी उडाली, टांग्याचा घोडा उलटा वळला आणि स्टेशनमास्तरांनी शिट्टी समजून गाडी सोडून दिली. यातलं टोपीचं तेवढं थोडं वाढवून सांगितलंय.

असा हा माणूस शहात्तर साली एकाएकी गप्प झाला. ओठांच्या आतून, गालाला मऊ-मऊ गाठी आल्या होत्या. दुखत नव्हत्या, पण दहा-बारा होत्या. तंबाखू तर तो विसाव्या वर्षापासून खायचा. बाजारातल्या हमालांपासून अडत्यांपर्यंत सगळ्यांनी बिनफी निदान केलं: कॅन्सर. धनसिंगने तंबाखूची डबी दान केली आणि माझ्याशी कुजबुजत बोलू लागला. त्याची कुजबूजही समोरच्या हॉटेलात ऐकू जायची, ती गोष्ट वेगळी.

त्याची बायको जिवनबाई साखऱ्याजवळच्या तांड्यावर ढोरं सांभाळायची. तिने कंदील धरून त्याचं तोंड पाहिलं.

"आपल्या तांबड्या गोऱ्ह्याच्या तोंडात असंच आलं व्हतं," ती म्हणाली. "तवा न्हाई रडले तुमी. आता काहून रडून राहिले?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एका गाठीचे दोन तुकडे काढून दोन बाटल्यांत घातले. एक औरंगाबादला धाडला. निकालाला महिना-दीड महिना लागेल म्हणाले. दुसरा धनसिंगने हट्टाने मागून घेतला आणि तो हातात धरून आम्ही गावभर लॅब शोधत फिरलो. गावात लॅब एकच, ती किशनरावांची. तिथे रक्त, लघवी, थुंकी एवढंच तपासत. शेवटी जिवनबाईने आम्हाला गुरांच्या दवाखान्यात नेऊन उभं केलं. तिथल्या डॉक्टरांचे एक मित्र परभणीला जनावरांच्या गाठी तपासत. त्यांच्याकडून निकाल आठवड्यात यायचा. अडचण एकच होती. माणसासाठी छापील फॉर्म नव्हता.

"लिवा साहेब, बैल लिवा," धनसिंग म्हणाला. "मला निकाल पाह्यजे, मान नको."

मग लिहिलं: बैल, वय सेहेचाळीस, रंग सावळा, शिंगं नाहीत. खरं काय ते गुरांच्या डॉक्टरांनी सोबतच्या चिठ्ठीत मित्राला कळवलं आणि बाटली एस.टी.च्या कंडक्टरच्या स्वाधीन केली.

ते आठ दिवस धनसिंगने पेजेवर काढले. बाजारात लिलाव मुनीम पुकारायचा आणि हळद अंगाईच्या सुरात विकली जायची.

नवव्या दिवशी पाकीट आलं. धनसिंगला वाचता येईना, म्हणजे डोळ्यांत पाणी होतं. मी वाचलं: विषाणूमुळे येणाऱ्या साध्या गाठी. कर्करोग नाही. खाली परभणीच्या त्या भल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "जनावर कामाला जुंपण्यास हरकत नाही."

जिवनबाई तिथेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग तो पदर डोळ्यांकडे गेला.

औरंगाबादचा कागद सात आठवड्यांनी आला. त्यातही तेच होतं. गाठी पुढच्या दिवाळीपर्यंत औषधावाचून आपोआप गेल्या. नेमक्या कधी, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.