गोधडीचा घास

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे सौदीत, कतीफच्या मासळीबाजारात मासे साफ करून घेत होते. फोन त्यांच्या मुलीचा, पूर्वाचा. "चहा पिता पिता गेली गं मावशी... काही त्रास झाला नाही." मासेवाला "खलास, मदाम" म्हणत पिशवी पुढे करत होता, ती घेऊन मी निघाले. रडू आलं ते घरी, कपाटातून गोधडी काढल्यावर.

ताई मूळच्या चिपळूणच्या, इथल्या इस्पितळात सीनियर नर्स. मी त्यांच्या वॉर्डात रुजू झाले आणि पहिल्याच शुक्रवारी त्यांनी घरी बोलावून माझ्या हातात सुई दिली. इथे बाहेर भट्टी, आत एसीने हुडहुडी. दुकानातली जाडजूड ब्लँकेटं ताईंना आवडायची नाहीत. "त्यांना माणसांचा वास नाही," म्हणायच्या. म्हणून ही गोधडी. जो कुणी सौदी सोडून कायमचा निघेल, त्याच्याकडून एक तुकडा त्या हक्काने मागून घ्यायच्या. कुणाची साडी, कुणाचा युनिफॉर्म. शेजारची उम्म हसन घर बदलून गेली तेव्हा तिच्या अबायाची जरीची किनार. वर मणी, इथल्या पुरुषांच्या पायघोळ थोबची बटणं, माझ्या लेकीच्या, मनवाच्या पैंजणाचं तुटलेलं घुंगरू. आणि शिवताना तोंड चालूच, "टाके घालतेस की इंजेक्शन टोचतेस? हलक्या हाताने गं बाई!"

त्यांच्या आईची एक रीत होती. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा घास ठेवायचा, गोधडी उपाशी राहता कामा नये. मनवा तान्ही असताना ताईंनी तिला दुपटं शिवलं, तेव्हा घरात भाकरी नव्हती. ताईंनी खुशाल खजूर कोंबला. "सौदीतलं दुपटं, सौदीचा घास!" आठवडाभरात दुपट्यावर मुंग्याच मुंग्या! ते उसवताना ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग तांदळाचे चार दाणे घालून कोपरा बंद केला.

निवृत्त होऊन त्या निघाल्या तेव्हा स्वतःचाही तुकडा देऊन गेल्या, युनिफॉर्मचा खिसा, पेनाच्या शाईच्या डागासकट. मी म्हटलं, गोधडी घेऊन जा. "वेडी का काय! जाणाऱ्याने तुकडा द्यायचा, गोधडी इथेच राहणार. फक्त कोपरा उघडा ठेव. थंडीत व्हिजिट व्हिसावर येते, घास मीच भरवणार. आधीच शिवून टाकलीस तर बघ!" मी शब्द दिला.

आणि आता हे असं. तो कोपरा शिवावा तर दिलेला शब्द मोडतो, न शिवावा तर ताईंची एवढी लाडकी गोधडी जन्माची उपाशी. पूर्वाला विचारलं तर म्हणाली, "तूच ठरव मावशी..." कित्येक आठवडे मी कपाट उघडायचे आणि लावून टाकायचे.

परवा ड्यूटीवरून आले तर मनवा शाळेच्या कपड्यांतच सोफ्यावर गाढ झोपलेली, अंगावर तीच गोधडी. उघड्या कोपऱ्यातून अस्तर बाहेर आलेलं, ताईंचा खिसा बरोबर तिच्या गालाखाली. मी हलवलं तर म्हणते, "आय वॉज कोल्ड, ममा. सुलभाआजीची आहे ना?" गोधडी काही तिने सोडली नाही. मला एकदम बरं वाटलं. ताई असत्या तर ओरडल्या असत्या, पोर कुडकुडतंय आणि तू शब्द कसला सांभाळत बसलीस!

मी तिच्या पायाशी बसून सुई ओवली. तांदळाचा डबाही उघडला होता, पण परत झाकण लावलं आणि एक चांगला मऊ खजूर निवडला. बी काढली, कोपऱ्यात ठेवला, बारीक धावदोरा घातला. अगदी हलक्या हाताने.

मुंग्या येणार, मला माहीत आहे. येऊ देत. उसवायला, हसायला आणि पुन्हा शिवायला आम्ही मायलेकी आहोत.